एकट्याची तालीम

आमचं घर माळवदाचं. खाली कडीपाट, वर हातभर पांढरी माती. त्या मातीखाली एका अंगाला आम्ही आणि दुसऱ्या अंगाला अक्का-दाजी. चुलत्यांचा हिस्सा दाजींनी विकत घेतला तेव्हा भिंत वाटली, अंगण वाटलं, आडाचं पाणीसुद्धा वाटलं. माळवद तेवढं वाटता येईना म्हणून सामाईक राहिलं.

गेल्या दिवाळीनंतर हे माळवद पहाटे पाचला वाजायला लागलं. धप्. जरा शांतता. परत धप्. दर धपेला कडीपाटाच्या फटीतून बारीक मातीची धार सुटायची. ती कधी माझ्या पांघरुणावर पडे, कधी घागरीत, आणि अक्काच्या काठवटीत मात्र नेमानं.

"ह्येंला सांग बाबा काहीतरी," अक्का भिंतीपलीकडून ओरडली. "मी भाकरी करायली का विटा पाडायली, काहीच कळंना."

शिडी चढून वर गेलो. दाजींनी कपाळाला टॉवेल बांधला होता, थोरल्या पोराची ट्रॅक पॅन्ट चढवली होती आणि ते हवेला लाथा घालत होते. हवा गप्प होती.

"दाजी, काय करायलाव?"

"सातशे अठरा," दाजी म्हणाले.

आता दाजी म्हणजे काही उनाड माणूस नव्हे. खत-बियाण्याचं दुकान, पंचेचाळिशी उलटलेली, पोट खुर्चीच्या मापाचं. युरियाच्या पोत्यालासुद्धा ते स्वतः हात लावत नाहीत. असा माणूस पहाटे उठून हवेवर का उठला, याचं मूळ उदगीर-औराद बसमध्ये आहे. दाजींनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. आत शिरेपर्यंत तिथं एक पोरगा बसलेला. रुमाल फेकून दिला असता तर दाजींना भांडता आलं असतं. पोरानं तो नीट घडी घालून हातात दिला आणि म्हणाला, "काका, तुमचा पडला होता." दाजी उदगीरपासून घरापर्यंत उभे आले. अपमानापेक्षा ती घडी त्यांना लागली.

त्या रात्री त्यांनी ठरवलं, अंगात काहीतरी विद्या पाहिजे. गावात तालीम आहे, कराटेचा क्लास आहे, वस्ताद अजून ठणठणीत आहेत. मी म्हटलं, तालमीत जा की.

"तालमीत गेलं की कुणाशी तरी धरावं लागतं," दाजी म्हणाले. "धरलं की दोघांतलं एक खाली जातंय. तिथली सगळी पोरं माझ्या गिऱ्हाइकांची. उद्या एखाद्या पोरानं मला चितपट केलं तर त्याचा बाप उधारी देईल का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. कराटेच्या क्लासात तर पिवळ्या पट्ट्याची चौथीतली पोरं. त्यांच्या हातून मार खाणं दुकानाला त्याहून महागात पडलं असतं. म्हणून माळवद. माळवदावर शत्रू आपल्या सोयीनं येतो. दाजींचा शत्रू बरोब्बर दाजींच्याच उंचीचा होता, नेहमी उजव्याच हातानं गुद्दा मारायचा आणि गुद्दा मारून झाला की दाजींचं उत्तर पोचेपर्यंत हात तसाच पुढं धरून थांबायचा. इतका समजूतदार माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल.

"त्यो कधी जिंकतो का, दाजी?" मी एकदा विचारलं.

"कसा जिंकंल? मी हाय की समोर."

गुरूही त्यांनी असेच निवडले. सगळे एक तर परदेशी नाही तर परलोकवासी. थोडक्यात, समोर येऊन चूक दाखवायची शक्यता नसलेले. पहिला ब्रूस ली. त्याच्या नावावर एक वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत असतं, दहा हजार लाथा एकेकदा मारणाऱ्याला भिऊ नका, एकच लाथ दहा हजारदा मारणाऱ्याला भ्या, अशा अर्थाचं. दाजींनी ते दुकानात, युरियाच्या दरफलकाखाली चिकटवलं. याच ब्रूस लीनं १९७० साली एकट्यानं व्यायाम करताना, खांद्यावर वजन घेऊन कमरेत वाकता वाकता, पाठ अशी दुखावून घेतली होती की कित्येक महिने बिछान्याला खिळला. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरा मासुतात्सु ओयामा. जपानी कराटेतलं मोठं नाव, क्योकुशिन शाखेचा संस्थापक. हा गडी डोंगरात एकटा राहून सराव करायचा आणि गावात परत जायचा मोह होऊ नये म्हणून त्यानं एक भुवई भादरून टाकली होती, असं सांगतात. एवढं वाचून दाजी आरशासमोर वस्तरा घेऊन बसले. अक्कानं वेळेवर पाहिलं.

"भुवई काढून दुकानात बसणार काय? लोक म्हणतील, ह्येंला झालंय तरी काय!"

"अगं, त्यो बैलाशी लढायचा."

"मग अमरेश्वराच्या जत्रंत जावा की. देवणी वळू काय कमी येत्यात व्हय?"

देवणी वळू जवळून पाहिलेला माणूस ओयामाच्या नादी लागत नाही. देवणीतला काळ्या तोंडाचा प्रकार म्हणजे वानेरा, तो दावणीला शांत उभा असतो. पण त्याच्या वशिंडाकडे आणि मानेखालच्या पोळीकडे पाहिलं की आपण कशाला आलो होतो ते विसरायला होतं. दाजींनी वस्तरा ठेवला.

तिसरे गुरू गामा पैलवान. गामा रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढायचा, ही गोष्ट आमच्याकडे अंगठेबहाद्दरालाही पाठ. जिथं हे लिहिलेलं असतं तिथंच पुढं असतं की तो रोज चाळीसेक पैलवानांशी मातीत झटायचा. १९२८ साली पतियाळ्यात त्यानं पोलंडच्या झिबिस्को पैलवानाला एका मिनिटाच्या आत पाडलं, ते बैठका मोजून नव्हे. पण ती चाळीस माणसं दाजींनी वगळली आणि बैठका तेवढ्या उचलल्या. चाळीस माणसं आणायची कुठून, हाही प्रश्न होताच. माळवद तेवढं वजन झेलत नाही.

या बाबतीत माझं एक निरीक्षण आहे. वारलेल्या पैलवानाचे जोर दरवर्षी वाढतात. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असं आम्ही लहानपणी ऐकलं. परवा एका कीर्तनात त्यांनी दोन हजारांचा टप्पा ओलांडला. शेजारच्या निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड आहे, तिथले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. आमच्या स्टँडवरच्या टपरीत त्यांच्या बैठका पहिल्या कपाला हजार असतात आणि दुसऱ्या कपाला तीन हजार. त्यांनी किती जणांशी लढत धरली, किती वेळा खाली गेले आणि उठले, हे कुणी सांगत नाही. खाली जाण्याचा आकडा सांगायला कुणालाच गंमत वाटत नाही.

तर आकडा. दाजींची सगळी विद्या शेवटी आकड्यात जाऊन बसली. लाथ कशी पडली याच्याशी त्यांना देणंघेणं उरलं नाही. पडली, मोजली, वहीत गेली. वही दुकानाचीच होती, एका बाजूनं उधारी आणि उलट बाजूनं लाथा. आणि नियम एकच, मोजणी तुटली की पहिल्यापासून.

हा नियम पुण्यात चालला असता. आमच्या औरादमध्ये चार भाषा. आमच्या डावीकडचे मास्तर कन्नड, दूधवाले चाचा दखनी बोलणारे, समोर घर बांधायला आलेले गवंडी तेलुगू, आणि आम्ही मराठी. दाजींना चारही येतात, गिऱ्हाईक सोडवत नाही ना. ते दोनशे नव्व्याण्णवावर असताना मास्तर आपल्या गच्चीवरून विचारायचे, "एष्टु आयतु री?" दाजी अभिमानानं म्हणायचे, "मुन्नूरु!" झालं. तिथून पुढची मोजणी कन्नडमध्ये सुरू. ओंदु, एरडु करत पाच-सहावर आले की घात व्हायचा, कारण ऐदु आणि आरु कन्नडमध्येही तेच आणि तेलुगूतही तेच. समोरून गवंड्यांची पाट्या मोजायची हाळी त्याच वेळी यायची. दाजी सहापर्यंत कन्नडमध्ये आणि सातला तेलुगूत. आठ-नऊला खालून चाचांचा आवाज, "दो लिटर की तीन लिटर?" आणि दाजी वरून, "तीन!"

परत पहिल्यापासून.

अशा रीतीनं ज्या दिवशी वहीत पाचशे लागत त्या दिवशी शरीरानं हजार-बाराशे भरलेले असत. अक्काला एक लिटर दूध जास्तीचं घ्यावं लागे ते वेगळंच.

शरीर हिशेब मागायला लागलं तो पायापासून. दाजी लाथ फक्त उजवी मारत. डावी येत नव्हती असं नाही; पण तिचं खातं वेगळं काढावं लागलं असतं. तीन महिन्यांत उजवी मांडी फुगली आणि डावी होती तिथंच. पॅन्ट शिवायला गेले तर शिंप्यानं टेप दोनदा लावली आणि विचारलं, "दाजी, एक पाय तुमचा, दुसरा कुणाचा हाय?" चालताना ते आपोआप डावीकडं झुकू लागले. बाजारातून सरळ घरी निघालेला माणूस अमरेश्वराच्या देवळाकडं वळायचा. लोकांना वाटलं, भक्ती वाढली.

मग गुडघे. बैठकीला खाली जाताना एक आवाज आणि वर येताना दुसरा. सोयाबीनची वाळलेली शेंग दाबल्यावर येतो तो. एका लग्नात दाजी पंगतीला जमिनीवर बसले आणि जेवण झाल्यावर उठताच येईना. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, दुसरी पंगत बसली, दाजी तिथंच. वाढप्यानं पुन्हा वाढलं. दाजी पुन्हा जेवले. तिसऱ्या पंगतीला मी आणि वराचा मामा, दोघांनी काखेत हात घालून उचलले. पाहणारे म्हणाले, "व्यायामाचा माणूस. दोन पंगती खातंय."

मधे एक नानचाकू मागवला होता. त्याचं पार्सल महिनाभर आलं नाही, कारण ते औराद शहाजानीला गेलं. आमचं औराद बाऱ्हाळी, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं. ते औराद लातूर जिल्ह्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा तिकडं गेले, आम्ही इकडं राहिलो. पार्सलवाल्यांपर्यंत ही बातमी अजून आलेली नाही. शेवटी दाजी स्वतः जाऊन घेऊन आले. घरी पहिलीच फिरकी स्वतःच्या कोपराला बसली आणि दाजींनी तो नानचाकू म्हशीच्या दाव्याला जोडून टाकला. नंतर दांडपट्ट्याचा विषय निघाला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं, ही बातमी दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवली. अक्का म्हणाली, "ते त्या राज्याचं. आपलं राज्य निराळं, गप बसा." सीमाप्रश्नाचा अक्कानं केलेला हा एवढाच उपयोग माझ्या लक्षात आहे.

राहिली काठी. काठीला सीमा नसते आणि ती पार्सलनं मागवावी लागत नाही. दाजींनी एका व्हिडिओवरून लाठीचा एक पूर्ण पल्ला बसवला. आधी सलामी, मग पूर्वेला दोन वार, दक्षिणेला दोन, पश्चिमेला दोन, उत्तरेला दोन, शेवटी बैठक घेऊन काठी डोक्यावर. हा पल्ला त्यांनी किती वेळा घातला असेल ते ती वहीच जाणे. झोपेत हात हलायचे. अक्कानं बिछाना दुसऱ्या खोलीत नेला.

परीक्षा स्टँडच्या मागच्या बोळात झाली. रात्रीची वेळ, दाजींच्या एका हातात काठी, दुसऱ्यात गरम मिरची भज्यांची पुडी, मी दोन पावलं मागं. समोरून एक दांडगं कुत्रं गुरगुरत आलं. मला वाटलं, आता बघायला मिळणार. दाजींनी पुडी खाली ठेवली, पाय जुळवले आणि कुत्र्याला सलामी दिली.

"दाजी, हाणा की!"

"थांब. आधी पूर्व."

कुत्रं उत्तरेला होतं. दाजींनी पूर्वेला दोन सणसणीत वार केले. दक्षिणेला वळले, म्हणजे कुत्र्याकडं पाठ. ते गुरगुरायचं थांबून नवलानं बघत बसलं. सत्तावीस साते विचारल्यावर पोरगं सत्तावीस एकेपासून धावत सुटतं, तसं चाललं होतं. पश्चिम उरकून दाजी उत्तरेला वळले तेव्हा उत्तरेला कुणी नव्हतं. पुडीही नव्हती. तरी त्यांनी उत्तरेचे दोन वार घातले, बैठक घेतली, काठी डोक्यावर धरली आणि मला म्हणाले, "मधनंच कुठून सुरू करू? पल्ला मोडतो."

हे सगळं घरी सांगितल्यावर भाची एवढी हसली की तिला उचकी लागली. तिच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवतात, ओबव्वाच्या नावानं. ओबव्वाची गोष्ट कर्नाटकात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. चित्रदुर्गाच्या किल्ल्याला हैदर अलीच्या फौजेचा वेढा, तटात एक सांदीसारखी वाट, आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा नवरा जेवायला बसलेला असताना पाणी आणायला गेलेली. सांदीतून शिपायाचं डोकं आत येताना दिसलं. तिनं मुसळ घेतलं आणि हाणलं. दुसरं आलं, हाणलं. मुडद्यांचा ढीग बाजूला ओढायचा आणि पुढच्या डोक्याला तयार राहायचं.

"बघ," दाजी उसळून म्हणाले, "एकच वार! शंभरदा! मी काय येगळं करायलो?"

"पप्पा," भाची म्हणाली, "तिच्या मुसळाखाली दर टायमाला नवीन डोकं होतं."

भाचीच्या वर्गात जोड्या लावतात. एकीनं मनगट धरायचं, दुसरीनं सोडवायचं. सोडवून घेता आलं नाही तर ती धरणारीच सांगते, अगं अंगठ्याच्या बाजूनं काढ. तिच्या मनगटावर निळे वळ असतात आणि ती रोज कुणाच्या तरी हातून हरून घरी येते, भूक लागलेली. दाजी रोज जिंकून यायचे आणि भाकरीत माती असायची.

हनुमान जयंतीला दाजींनी हजार बैठका एका दमात काढायचं ठरवलं. त्याआधी गुडघ्यांमुळं दोन आठवडे विश्रांती झाली होती आणि ती भरून काढायची होती. मोजायला मला बसवलं. मास्तरांना आदल्या दिवशीच हात जोडून सांगितलं होतं, उद्या काही विचारू नका. चाचांना दूध खालीच ठेवायला सांगितलं. हजार झाल्या. माळवदाचा एक वासा किंचित वाकला, पण झाल्या. मी मोजल्या, माझी साक्ष आहे. दाजी घामानं निथळत म्हणाले, "आता गामाला चार हजारच कमी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गोठ्यामागं बोलावलं. मांड्या दगड झाल्या होत्या, भिंतीला धरून आले.

"मेव्हणं, एक खासगीतलं विचारू का? लघवीचा रंग चहासारखा झालाय."

"दुधाच्या का बिनदुधाच्या?"

"कोऱ्या."

गाडी काढून बिदरला नेलं. डॉक्टर जुन्या शहरातले, दखनी बोलणारे, तोंडानं तिखट आणि हातानं मऊ. मांडी दाबली, दाजी ओरडले, रक्त तपासायला पाठवलं आणि मग विचारलं, "इत्ते बैठकां कायकू मारे? किसने बोला?"

"गामा पैलवान."

"किधर है उनो? बुलाव उनकू."

गामा १९६० साली लाहोरला वारले, हे सांगावं की नाही याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बरेच दिवस सवय नसलेल्या अंगावर एकदम एवढा मारा केला की स्नायूंचे तंतू फाटतात. त्यांच्यातला मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ रक्तात उतरतो, तिथून मूत्रपिंडात जाऊन अडकतो. लघवी चहाच्या रंगाची होते ती त्यामुळं. वेळेवर आलात, नाहीतर मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसवर जाणारे तरणेबांड जिमवाले वर्षाला दोन-चार तरी बघतो, म्हणाले. आणि गुडघ्याचं निराळंच. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो लवकर भरून येतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला रक्त कमी, ती सावकाश सुधारते. रोज त्याच जागी तेच ओढलं की ती सुधारायच्या आत पुन्हा झिजते. स्नायू म्हणतो चल, दोरी म्हणते थांब, आणि माणूस स्नायूचंच ऐकतो.

सलाइन लावलं. दाजी आडवे पडून वर बघत होते. मी म्हटलं, बरं वाटतंय का?

"मिनिटाला अठ्ठावीस," दाजी म्हणाले. "नर्सबाईनं तीस सांगितले होते."

घरी आल्यावर सहा आठवडे सक्त विश्रांती. अक्कानं माळवदाची शिडी काढून माझ्याकडं ठेवली. ती भाकऱ्या करायची आणि वर बघून एकदा हात जोडायची.

सक्ती संपल्यावर मीच दाजींना तालमीत नेलं, नुसतं बसायला. वस्ताद सत्तरीच्या पुढचे, कान मुडपलेले, हौद्याच्या काठावर खुर्ची टाकून बसतात. त्यांनी दाजींच्या हातात काठी दिली आणि म्हणाले, दावा. दाजींनी सलामी दिली, पूर्वेला वार केला. वस्तादांनी तिथंच थांबवलं.

"हात उलटा हाय. वरचा खाली, खालचा वर. किती दिस केलं असं?"

दाजींनी वहीतला आकडा सांगितला. वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत.

"लई पक्की केली बगा चुकी," शेवटी म्हणाले. "नव्या पोराला शिकवायचं तर म्हयना लागतो. तुमचं आधी पुसायला लागंल."

एकट्यानंच करायचं असेल तर मल्लखांब धरा, असाही पर्याय त्यांनी दिला आणि बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे दोन पैलवान, अली आणि गुलाब, पुण्यात येऊन आव्हान देऊन बसले. बाळंभटांनी लाकडी खांबावर सराव करून त्यांना उत्तर दिलं, अशी आख्यायिका. निजामाकडचे म्हणजे त्या काळी आमच्याच राज्यातले, त्यामुळं गोष्ट ऐकताना कुणाच्या बाजूनं व्हावं हे आम्हाला पटकन ठरवता येत नाही. दाजी खांबाजवळ गेले, हात लावला, एक उडी मारली आणि घसरून खाली आले. खांबानं नडगी सोलली होती. "ह्यो उलटा मारतोय," असं म्हणून ते परत येऊन बसले.

गुडघा बैठकीला तयार नव्हता, म्हणून वस्तादांनी त्यांना पोरांच्या बैठका मोजायला बसवलं. या कामाला एवढा तयार माणूस तालमीला कधी मिळाला नव्हता. अर्धी बैठक दाजी धरत नाहीत. "ही न्हाई लागली, परत." सदतीसवरून पन्नासवर उडी मारणारी पोरं रडकुंडीला आली. एका पोरानं कन्नडमध्ये वेळ विचारून मोजणी मोडायचा प्रयत्न केला. दाजींनी घड्याळ दाखवलं आणि बोट अडतिसावरच धरून ठेवलं.

मग एक दिवस वस्ताद म्हणाले, "दाजी, जरा हलकं धरा ह्या पोराशी. नुसता हात मिळवा." पोरगा सतरा-अठराचा, चिंताकीच्या वाटेवर शेत असलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा. बाप तीन हंगामांपासून दुकानासमोरून मान खाली घालून जायचा. दाजींनी माती अंगाला लावली, हात मिळवला, आणि आपला शत्रू नेहमीप्रमाणे उजवा हात पुढं करून थांबेल म्हणून वाट पाहू लागले. पोरानं डावा हात घातला. माळवदावर असं कधी झालं नव्हतं. पुढचं मला नीट दिसलं नाही, माती उडाली होती. ती खाली बसली तेव्हा दाजी आभाळाकडं बघत होते आणि पोरगा घाबरून विचारत होता, "दाजी, लागलं का?"

दाजी त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना आधीपासूनच भीती होती तेच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आतच पोराचा बाप दारात उभा. खिशातून पाचशेच्या नोटा काढून मोजल्या आणि गल्ल्यावर ठेवल्या.

"पोरगं रातच्याला म्हनलं, दाजीला पाडलं. लई खूश हाय. म्हनलं, आता निदान मागची बाकी तरी द्यावी, न्हाईतर बरं दिसत न्हाई."

दाजींनी वही उघडली. लाथांची बाजू नव्हे, दुसरी. त्या नावापुढं रक्कम मांडली, मग बोट सावकाश खाली खाली नेत राहिले आणि प्रत्येक नावाशी थांबून मला विचारत राहिले, "ह्याचं पोरगं तालमीत येतंय का?"

आता ते रोज संध्याकाळी तालमीत जातात, वही काखेत. कुणाशी धरायचं ते घरूनच ठरवून निघतात.